अजून दोन दिवस थांबू

सिस्टरांनी नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. उभी हयात प्रसूतिगृहात गेली. बाई कशी कण्हते यावरून अजून किती वेळ आहे ते त्या सांगत, आणि अंदाज चुकलाच तर चूक त्या बाईची असायची. असं माणूस घरात असलं की घर निर्धास्त असतं. कुणाला ताप आला काय, पोट दुखलं काय, डॉक्टर कशाला, सिस्टर आहेत ना.

त्यांची एकुलती एक लेक बबडी, पहिलटकरीण. तारीख उलटून आठवडा झाला तरी कळांचा पत्ता नव्हता. पाय सुजून चपला होत नव्हत्या, झोप उडाली होती, त्यात येणारा-जाणारा 'अजून नाही का?' म्हणून विचारायचा, जसं काही हीच अडवून बसलीय. भाडेकरू चांगला मिळालाय, खोली सोडायचं नाव घेत नाही, असं म्हणून ती हसायची, आणि हसता हसता तिचे डोळे भरून यायचे.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. उद्या सकाळी दाखल व्हा, कळा यायचं औषध सुरू करू, असं त्या म्हणाल्या. तारखेनंतर बाळाला पोसणारी वार थकत जाते, त्याला पुरेसं पोचत नाही, आणि ते बाहेरून कळत नाही. थांबायचंच असेल तर दोनेक दिवस थांबता येईल, पण रोज येऊन मशीनवर बाळाचे ठोके बघून घ्यायचे. ही डॉक्टरीण शिकाऊ असताना सिस्टरांचा भरपूर ओरडा खाल्लेली. त्यामुळे बोलताना तिचं लक्ष बबडीकडे कमी आणि सिस्टरांकडे जास्त होतं.

सिस्टरांना ते औषध मुळातच आवडत नसे. डॉक्टरांना सुट्टीवर जायचं म्हणून बायकांना घाईघाईनं कळा आणलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. रात्र-दिवस सलाईनवर तळमळायचं आणि शेवटी पोट फाडून घ्यायचं, हे काय बाळंतपण झालं? बबडीची नणंद त्याच फेऱ्यातून गेलेली, आणि तिनं ते सगळं मीठमसाला लावून ऐकवलेलं. बबडीला औषधाचं नाव काढलेलंही नको असायचं.

घरी आल्यावर बोलणं झालं. जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, मूग गिळून बसणारा. सासूपुढे तर तो मान वर करून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी मात्र तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आई, दाखल करूया. मला भीती वाटते."

पुरुषांना भीती वाटायचीच, त्यांना दुसरं करायचं काय असतं, असं म्हणून सिस्टरांनी त्याला गप्प केलं. तो हसला बिचारा. मग त्यांनी बबडीकडे पाहिलं.

"आई, तू म्हणशील ते," बबडी म्हणाली.

झालं. लेकीनं सगळा भार आईच्या गळ्यात टाकला आणि आईनं तो मोठ्या अभिमानानं घेतला. अजून दोन दिवस थांबू, असं सिस्टरांनी ठरवलं. जावयानं चाचरत रोजच्या तपासणीचं विचारलं, तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, "मग मी काय मेलेय का?"

कपाटात त्यांची लाकडी नळी होती. एक तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, मशीनं यायच्या आधी सगळं त्यावरच चालायचं. पहिल्या दिवशी बाळाचे ठोके स्पष्ट लागले. सिस्टर खूश झाल्या, जावयाला मुद्दाम बोलावून ऐकवले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, जावई कामावर होता, आणि बबडी म्हणाली की सकाळपासून बाळ हललं नाही. सिस्टरांनी तिला साखरपाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. जागा कमी झाली की बाळ फार हलत नाही, असंही सांगितलं. बाळ हललं नाही. बबडी घाबरून रडायला लागली, अंग जरा कोमटही लागत होतं. सिस्टरांनी नळी लावली.

नळी लावताना दुसरा हात बाईच्या मनगटावर ठेवायचा असतो. बाई घाबरलेली किंवा तापलेली असली की तिची नाडी पळते, आणि कधीकधी पोटात ऐकू येतात ते बाळाचे नव्हे, आईचेच ठोके असतात. मनगटातली नाडी आणि कानातला ठोका एकाच तालात पडले तर ते बाळ नव्हे. हे सिस्टरांनी किती पोरींना शिकवलं असेल याला गणती नाही. विसरणाऱ्या पोरीच्या हातावर त्या फटका मारत. पण त्या पोरी परक्या बायकांची पोटं तपासत होत्या. इथं लेक हुंदके देत होती, आणि सिस्टरांचा दुसरा हात तिच्या केसांवरून फिरत होता.

ठोके लागले. जरा संथ होते, ते त्यांना जाणवलंही. पण दिवस वर गेले की बाळाचे ठोके थोडे उतरतात, हेही त्यांना माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

"आहे गं," त्या म्हणाल्या. "ऐकू येतंय मला."

बबडीनं डोळे पुसले. जावयाला फोन गेला. त्या दुपारी बबडी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली, आणि सिस्टर तिच्या उशाशी बसून छोटी झबली घडी करत राहिल्या.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं, इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. खोलीभर ठोक्यांचा आवाज यायला लागला तसा जावयाचा चेहरा उजळला. डॉक्टरीणबाईंनी मात्र बबडीचं मनगट हातात घेतलं.

सिस्टरांना तिथंच सगळं कळलं. पुढं सोनोग्राफी झाली, दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं, पण सिस्टरांना त्याची गरज नव्हती. भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. आपण काल काय ऐकलं आणि आपल्या लेकीला काय सांगितलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घणासारखं आदळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बबडीजवळ बसून सांगितलं, बाळ गेलंय. जावयानं कधी म्हणून विचारलं. नक्की सांगता येत नाही, पण कालच कधीतरी गेलं असावं, असं त्या म्हणाल्या. आणि मग तेच औषध सुरू झालं. तेच सलाईन, त्याच कळा. ज्याला नको नको म्हणून दोन दिवस काढले ते सगळं बबडीला भोगायचंच होतं, फक्त शेवटी रडणारं बाळ मिळणार नव्हतं.

जावई बाहेरच्या बाकावर बसला होता. तो सिस्टरांना एका शब्दानंही बोलला नाही, आणि त्यांना वाटत होतं, यानं चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. त्या आत येऊन बबडीच्या खाटेशी बसल्या. दोन कळांच्या मध्ये बबडीनं त्यांचा हात धरला.

"काल दुपारी होतं ना गं ते? तू ऐकलं होतंस ना?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. डॉक्टरही नक्की सांगत नव्हते. हो म्हटलं असतं तर बबडीला शेवटची एक दुपार तरी बाळाबरोबर मिळाली असती, आणि सिस्टरांना आपली लेक. त्यांनी तोंड उघडलंही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ते तुझे ठोके होते. मी तुझी नाडी बघितली नाही. बघायला हवी होती, आणि मी बघितली नाही."

बबडीनं हात काढून घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात कळ आली. धरायला दुसरं काहीच नव्हतं. तिनं तोच हात पुन्हा घट्ट धरला, आणि तोंड भिंतीकडे फिरवून ती ओरडली.