सांगाडा उतरताना

गावच्या पुलावरून आणलेल्या लाकडी पाचरीच्या टोकाला चुन्याचा ठिपका वाळून बसला होता आणि नम्रता तो नखाने खरवडत होती – म्हणजे बोटं कशात तरी गुंतवत होती, कारण मोबाईल अजून गप्प होता. प्लास्टरमधला पाय स्टुलावर. खाली लालबागच्या गल्लीत मिरची कुटणाऱ्या डंकाची धडधड, की ती आपल्याच छातीत?... तिकडे गावच्या नदीत तिचा सहकारी विनीत आणि गवंडी कमानीखालच्या सांगाड्याच्या अशाच पाचरी सैल करत असतील. पुरात जुन्या दगडी पुलाची मधली कमान ढासळली, तेव्हा सगळे म्हणाले, पाडा, सिमेंटचा बांधा. ती एकटी इंजिनियर अडून बसली, दगडाचीच पुन्हा उभारू. उभारलीही; आणि गेल्या आठवड्यात त्याच दगडांवर घसरून पाय मोडून घेतला. आज खालचा लाकडी सांगाडा उतरला की कमानीने आपलं ओझं आपणच पेलायचं. आणि नाही पेललं तर... नाही, पेलणार. हा एवढा पूल झाला की वरळीच्या काचेच्या टॉवरचं काम घ्यायचं, ठरलंय.

"फोन इलो काय गो?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"नाही. बसा ना बाबा."

शामराव बसले नाहीत. "गिरणीत येवक निघालंय, तेव्हा आवस माका सोडूक त्या पुलापर्यंत इली. वळान बघलंय तर थयच उभी."

आजी अशी पुलावर उभी राहिल्याचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. आत्ताच का सांगावं! – आणि फोन वाजला.

"नम्रता, सुरू केलंय."

"दोन्हीकडून सारखं, विनीत. घाई नको."

हातोड्याचे ठोके. मग काहीतरी करकरलं, कुणीतरी ओरडलं, आणि नुसतं नदीचं पाणी ऐकू येत राहिलं.

"विनीत?... अरे बोल ना!"

"बसली... कमान जरा खाली बसली. कणभर. आणि थांबली! नम्रता, दगड आणि फळ्यांच्या मधून उजेड दिसतोय!"

उजेड. म्हणजे सांगाडा सुटला, म्हणजे दगडांनी एकमेकांना धरलं. ती प्लास्टर विसरून उठली, कळ आली, हसत खाली बसली. बाबा डोळे पुसत होते, पुसल्याचं लपवतही नव्हते. मला वाटलं होतं, आता हायसं वाटेल, संपलं म्हणून. तसं काहीच नाही – अंगात नुसती पळापळ, शाळेची सुट्टी लागल्यासारखी. पुलाला आता माझी गरज नाही आणि त्याचंच एवढं सुख!

"बाबा," ती म्हणाली, आणि वरळीचा टॉवर डोक्यातून कुठे गेला ते तिचं तिलाच कळेना, "नदीला वरच्या अंगाला अजून एक पडका दगडी पूल आहे ना?"