पाच काळ्या ओळी

"वासंती, यांना चहा दे," म्हणून कॅप्टन गुरुदत्त आत सटकणार होता, तेवढ्यात बायजानं पत्र उघडून थेट त्याच्यापुढेच धरलं.

"साहेब, हितं काळा केलाय. त्याखाली काय लिवलाय माझे परशानं?"

परशुराम गुरुदत्तच्याच कंपनीतला शिपाई. मागच्या वर्षी, अठ्ठेचाळीस साली, काश्मीरच्या लढाईत गेला. मिठागरात राबणाऱ्या बायजाचा तो एकुलता एक. साहेब रजेवर ठाण्याला आल्याचं कळलं, तशी ती कोपरीहून चालत नौपाड्यात आली होती.

वासंतीनं पत्र खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं.

"काही दिसत नाही हो. खोडणाऱ्यानं अगदी जीव लावून खोडलंय."

खोडणारा तिच्या शेजारीच उभा होता. जवानांची मराठी पत्रं तपासायचं काम गुरुदत्तकडे होतं. पलटणीचा ठावठिकाणा खोडायचा, एवढाच नियम. या पाच ओळींत ठावठिकाणा नव्हताच. त्या त्याला पाठ होत्या. 'कर्नलसाहेब आम्हाला भर दिवसा उघड्या उतारावरून पाठवणार आहेत. आमचे कॅप्टनसाहेब म्हणाले, ही चूक आहे, मी बोलतो त्यांच्याशी. ते बोलले तर आम्ही वाचू. तू घोर करू नको आई. आमचे साहेब बोलतील.'

वरिष्ठाच्या हुकमाला शिपायांदेखत चूक म्हणायचं! पत्र भलत्याच्या हाती पडतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यानं शाई ओतली. दुसऱ्या दिवशी कर्नलनं सगळ्या अधिकाऱ्यांना विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" तेव्हा हे गृहस्थ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. त्या उतारावर परशुरामसकट अकरा जण गेले. कर्नलला बढती मिळाली आणि त्याच्या शिफारशीनं आता यांचाही नंबर लागणार होता.

"सांगा ना. परशा सांगायचा, आमचे साहेब खोटा बोलत नाय."

गुरुदत्तला स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस खरं बोलतोच असं नाही.

"गावांची नावं आहेत," तो म्हणाला. "पलटण जिथं जिथं गेली, त्या गावांची. ती खोडावीच लागतात."

"पाच ओळी गावा?" बायजाचा चेहरा उजळला. जन्मात ती कल्याणच्या पलीकडे गेली नव्हती. "लय फिरला माझा पोर!"

ती पायरीवर बसली. मिठानं चिरलेलं बोट काळ्या शाईवरून सावकाश फिरवत एका जागी थांबली.

"ह्या मोठा गाव असंल, ना वो बाई?"

वासंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "मोठंच असेल."