दूध बदललं, हात तोच

अकरा वाजायच्या आत तिसरा कप परत आला. कायदा विभागातल्या उंच बाईंनी तो काउंटरवर ठेवला आणि बोटाने आत दाखवलं. फेस नव्हताच. भिंतीचा पोपडा सुटून पाण्यात पडावा तसे पांढरे कण कॉफीवर तरंगत होते. मावशींनी कप सिंकमध्ये रिकामा केला आणि दुसरी कॉफी करायला घेतली. तीही फुटणार हे त्यांना माहीत होतं. राग त्याचाच होता.

त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सोळा वर्षं त्या कॉफी करत होत्या. रोजचे दोनशे कप. वाफेची नळी दुधात किती बुडवायची हे त्या आवाजावरून ओळखत. आधी कागद फाडल्यासारखा आवाज आला पाहिजे, मग तो बुजला पाहिजे, आणि स्टीलचा जग तळव्याला सोसेनासा झाला की थांबायचं. या सोळा वर्षांत कप परत आला नव्हता असं नाही, पण आला तो साखर विसरली म्हणून. दूध फुटलं म्हणून कधीच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी वरून निर्णय आला होता की यापुढे ऑफिसच्या कॉफीत जनावराचं दूध वापरायचं नाही. त्याबद्दल मावशींची काही तक्रार नव्हती. त्यांच्या घरात चार वर्षांपासून तसलं दूध येतच नव्हतं. नवऱ्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी गाईम्हशीचं दूध बंद केलं. हा माणूस जन्मभर लेथ मशीनवर उभा राहिलेला, पथ्याच्या सगळ्या गोष्टी त्याने मुकाट्याने ऐकल्या, पण फेसाच्या कॉफीवर पाणी सोडायला तयार होईना. मग मावशींनी घरी छोटं भांडं आणि हाताची रवी घेऊन वर्षभर खटपट केली. सोयाचं दूध फेसाळायचं चांगलं, पण कडक कॉफीत पडलं की रुसून फुटायचं. नारळाचं दूध कॉफीला स्वतःचीच चव द्यायचं. बदामाचं म्हणजे वास असलेलं पाणी; मोठे बुडबुडे यायचे आणि कप टेबलावर ठेवेपर्यंत विरायचे. टिकलं ते ओटचं. त्यातही कॉफीसाठी मुद्दाम बनवलेलं, किंचित तेल असलेलं, आणि तेही नेहमीपेक्षा कमी तापवलं तर.

हे सगळं सांगायला त्यांना दोन मिनिटं पुरली असती. ऑफिसात दूध निवडायची बैठक होती त्या दिवशी त्यांना बोलावलंही होतं, पण ट्रे धरायला. आठ माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. व्यवस्था विभागाच्या साहेबांनी चार प्रकारची दुधं चिमुकल्या कपांत, थंडगार, चाखायला ठेवली होती. या साहेबांच्या शर्टाला कधी सुरकुती दिसत नसे, म्हणून मावशी घरी त्यांचा उल्लेख ‘इस्त्री’ असाच करत. मावशींनी एकदा धीर करून म्हटलं की थंड चाखून कळत नाही, वाफेवर धरून बघायला हवं, बदामाचं टिकणार नाही. इस्त्रीसाहेब हसले.

“मावशी, तुम्ही फक्त ओता.”

बदामाला आठपैकी सहा मतं पडली. कुणीतरी म्हणालं, ऐकायलाही बरं वाटतं.

आता तेच बदामाचं दूध रोज फुटत होतं. तक्रारी वर गेल्या आणि वरून खाली आल्या, त्या मात्र वाटेत बदलून. इस्त्रीसाहेबांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं आणि फार हळुवारपणे सांगितलं की वयानुसार हाताचा अंदाज चुकतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बुधवारी एक प्रशिक्षक बाई येणार आहेत. शिकून घ्या. नाहीच जमलं तर तळघरात भांडी धुण्याचं काम आहे, तिथे बसायलाही मिळतं.

मावशींची तळपायाची आग मस्तकाला गेली. तोंडातून मात्र “बरं” एवढाच शब्द निघाला, आणि त्या ‘बरं’चाच त्यांना संध्याकाळपर्यंत राग येत राहिला.

घरी गेल्यावर त्यांनी कपाटाचं दार असं लावलं की नवरा दचकला. सगळं ऐकून तो म्हणाला, सोडून दे, कशाला डोक्याला ताप. त्यांना हेच नको होतं.

“अहो, तुम्हाला तडा गेलेलं लोखंड दिलं असतं आणि वर तुमचा हात थरथरतो म्हणाले असते, तर सोडून दिलं असतं?”

नवऱ्याने एकदा याच गोष्टीवरून फोरमनच्या अंगावर पाना फेकला होता आणि आठ दिवस घरी बसला होता. ते दोघांनाही आठवत होतं.

बुधवारी प्रशिक्षक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील, काळा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काउंटरपुढे पंचवीसएक माणसं जमली. बाईंनी जग घेतला, नळी पुसली, दोन सेकंद वाफ मोकळी सोडली. हात सराईत होता, मावशींना ते एका नजरेत कळलं. आणि मग बाईंनी काउंटरखाली ठेवलेल्या स्वतःच्या पिशवीतून एक पिवळं खोकं काढलं आणि त्यातलं दूध जगात ओतलं. समोरच्यांना ते दिसत नव्हतं. मावशी बाजूला उभ्या होत्या, त्यांना दिसलं. ओटचं होतं. कॉफीसाठीचं. घरी होतं तेच खोकं.

फेस सायीसारखा आला. बाईंनी कपात पानाचं चित्र उमटवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीसाहेब मावशींकडे वळून म्हणाले, बघितलंत, सगळा हाताचा खेळ आहे.

मावशींनी शीतकपाट उघडलं, बदामाचं खोकं काढलं आणि बाईंसमोर ठेवलं.

“आता आमच्या दुधाची करून दाखवा.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पण पंचवीस माणसं थांबली होती, तेव्हा बाईंनी जग धुतला आणि ते दूध वाफेवर धरलं. मोठमोठे बुडबुडे आले. कॉफीत ओतल्यावर क्षणभर काही झालं नाही, मग कडेने कण सुटायला लागले. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. इस्त्रीसाहेब म्हणाले की बाईंना या मशीनची सवय नाही, वेळही झाली आहे, आणि सगळ्यांचे आभार मानून त्यांनी गर्दी पांगवली.

दोघी उरल्यावर बाई जग विसळत खालच्या आवाजात बोलल्या. तुमचं बरोबर आहे, मी आल्या आल्या शीतकपाटात पाहिलं तेव्हाच कळलं होतं. पण मला हात शिकवायला बोलावलंय, दुधाबद्दल मला कुणी विचारलेलं नाही.

“मग कागदावर काय लिहिणार?” मावशींनी विचारलं.

“प्रशिक्षण पूर्ण. सुधारणा अपेक्षित.”

“तुमच्या पिशवीतलं खोकं पण लिहा की.”

बाईंनी पिशवीची चेन लावली. जाताना त्यांनी नमस्कार केला, मावशींनी तो घेतला नाही.

सोमवारी सकाळी बदामाची खोकी गायब होती आणि त्यांच्या जागी पिवळी आली होती. कुणी काही सांगितलं नाही. लिफ्टजवळच्या फळ्यावर मात्र कागद लागला होता: प्रशिक्षणानंतर कॉफीच्या दर्जात लक्षणीय सुधारणा. खाली इस्त्रीसाहेबांची सही.

पहिला कप घ्यायला आलेला माणूस घोट घेऊन म्हणाला, “वा मावशी, शिकलात तुम्ही.”

मावशींनी नळी पुसली. “दूध बदललं,” त्या म्हणाल्या. “हात तोच आहे.”

दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. ज्याने कौतुक केलं नाही त्यालाही कप देताना तेच. आवाज चढवला नाही, हसल्या नाहीत, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. दुपारपर्यंत लोकांना गंमत वाटली, मग गंमत वाटेनाशी झाली. कुणी विचारलं, आधी कुठलं होतं, तर त्या सांगत. कुणी निवडलं होतं, तर तेही सांगत. तीनच्या सुमारास इस्त्रीसाहेब स्वतः आले आणि मावशींना बाजूला घेऊन म्हणाले की झालं ते झालं, आता पुरे, लोकांत चर्चा होते.

मावशींनी त्यांच्यापुढे कप ठेवला.

“दूध बदललं साहेब. हात तोच आहे.”

असे चार दिवस गेले. शुक्रवारी पत्र आलं की कामाच्या सोयीसाठी पुढच्या आठवड्यापासून तुमची नेमणूक तळघरात करण्यात येत आहे.

ते वाचून नवऱ्याने चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सोमवारी मी ऑफिसात येतो म्हणून हटून बसला. पाना शोधू का, असं मावशींनी विचारलं तेव्हा तो हसला. त्या हसल्या नाहीत; सोमवारी एकट्याच निघाल्या.

तळघरात खिडकी नव्हती. वरचे कप ट्रेमधून खाली येत, मावशी ते विसळून यंत्रात लावत. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की कप बोलतात. आतल्या कडेला सुकलेल्या फेसात मोठमोठी भोकं होती. त्यांच्या जागी वर आलेली नवी बाई नळी फार वर धरत होती आणि दूध जास्त तापवत होती. दुसऱ्या दिवशी तीच भोकं, तिसऱ्या दिवशीही. आता कुणाच्या हाताला दोष देतील, असं मावशींच्या मनात आलं, आणि त्यांचा राग पुन्हा उसळला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या कुणाला न विचारता जिना चढून चौथ्या मजल्यावर गेल्या. नवी बाई वीस-बावीस वर्षांची होती, घाबरली. तिला वाटलं तक्रार आली. मावशींनी तिचा हात आपल्या हातात धरला, जग तिरपा केला, नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली नेमकं टेकवलं आणि म्हणाल्या, ऐक. आवाज आला, मग बुजला. दोनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा हात सोडला. मग कपाळावरचा घाम पुसून त्या खाली गेल्या. काचेच्या केबिनमधून इस्त्रीसाहेब बघत होते, मावशींनी तिकडे पाहिलं नाही.

चारनंतर पहिला ट्रे खाली आला. मावशींनी एक कप उचलून दिव्याखाली धरला. आतल्या कडेला फेसाचा वळसा होता, बारीक, पांढरा, कुठेही न तुटलेला. त्यांनी तो एकदा फिरवून पाहिला, आणि नळ सोडला.