वळणावरचा वासू

रामनगरहून गोव्याकडे जाणारा रस्ता माझ्या शेताच्या कडेनं असा वळतो की समोरची लारी अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. तिथं पोलिसांची चौकी आहे. माणसं चार मंजूर, हजर एक. ती एक म्हणजे पूर्णिमा, खानापूरकडची. बाकीचे तिघे कागदावर राहतात, आणि तिथं त्यांचं बरं चाललेलं असावं.

पूर्णिमाची चार वर्षांची लेक खानापुरात आजीपाशी असते. चौकीवर दुसरं माणूस आल्याशिवाय पूर्णिमाला आठवड्याची सुट्टी नाही. पाच रविवार असेच गेले. रेंज फक्त माझ्या बांधावर मिळते म्हणून ती संध्याकाळी तिथं येऊन फोन लावायची. पलीकडून रोज एकच प्रश्न यायचा, "तुझ्याजवळ कोण हाय?"

"वासूमामा हाय की," ती सांगायची.

वासू मीच केला होता. भात पिकायला लागलं की मी बुजगावणं उभं करतोच, यंदा ते रस्त्याच्या अंगाला केलं. पोलिसांच्या टोप्या बदलल्या तेव्हा पूर्णिमाची जुनी, एका बाजूनं दुमडलेली टोपी पडून होती. ती मागून घेतली आणि खाली खाकी सदरा चढवला. सकाळच्या धुक्यात लारीवाले त्याला बघून वेग कमी करायचे, पोपट भातावर उतरायचे नाहीत. मी माझ्या हुशारीवर खूश होतो.

आमच्या घरात एक रीत आहे. बुजगावण्याला नाव द्यायचं, शेतात जेवताना त्याच्या नावानं एक घास काढायचा, आणि ते पेंढ्याचं आहे असं मोठ्यानं कधी म्हणायचं नाही. पाखरं ऐकतात. माझा बाप जन्मात तसं बोलला नाही.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की वासू नुसता सावलीसारखा दिसत होता. त्यातून एक जीप आवाज न करता तरंगत आली. दांडेलीचे साहेब तपासणीला आले होते.

"बाई कुठं आहेत?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"खालच्या वळणावर लारी अडकलीया साहेब. तिकडं गेलीया."

"आणि तो कोण?"

डोक्यावरच्या तारेवर सात-आठ पोपट बसले होते, सगळे कान देऊन. मी म्हणालो, "वासू."

"रोज असतो?"

"व्हय साहेब. कवा जागा सोडत न्हाई."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. जीप धुक्यात विरून गेली आणि मी बांधावरचं गवत कापायला लागलो. इतका मी शहाणा.

आठ दिवसांनी कागद आला. चौकीवर दोन कर्मचारी आढळले, सध्या तेवढे पुरेत, जादा माणसाची मागणी नामंजूर. पूर्णिमा वाचताना आधी हसली, मग कागद तोंडावर धरून रडली. मी काय बोललो होतो ते तिला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊ दे मामा," ती म्हणाली. "आता खरं सांगितलं तर टोपीपायी मलाच मेमो येईल."

दुसऱ्या दिवशी मी दांडेलीची बस धरली. साहेबांच्या खिडकीत दोन कबुतरं बसली होती. मी शिपायाला म्हटलं खिडकी लाव, तर तिची कडी मोडलेली. डोळे मिटून मी मोठ्यानं बोललो, "साहेब, वासू पेंढ्याचा हाय. टोपी मी मागून घेतली. बाईची चूक न्हाई. ती एकटी हाय तिथं, अगदी एकटी."

कबुतरं उडाली. साहेबांनी तीच वही काढून उघडली.

"जाताना मी मागं वळून पाहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "त्यानं मला सलाम केला."

"वारं असंल साहेब."

"असेल," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. मेमो काही आला नाही.

पुढच्या शनिवारी नागेश नावाचा पोलीस शिपाई बिछाना घेऊन चौकीवर उतरला. रविवारी सकाळी पूर्णिमा साडी नेसून बांधावर आली. वासूच्या बाहीतून तिनं चार काड्या उपसल्या आणि रुमालात बांधल्या. "लेकीला दाखवते," म्हणाली, "वासूमामा कसा हाय ते." मग खानापूरची बस तिला घेऊन धुक्यात शिरली.

मी वळलो तर माझं भात हिरवं झालं होतं. पोपट उतरले होते, पन्नास तरी असतील, आणि त्यांतला एक वासूच्या टोपीवर ऐटीत बसला होता. मी दगड उचलला. थोडा वेळ तो हातात धरला आणि खाली टाकला.

न्याहारीचं फडकं सोडून मी त्याच्या नावानं एक घास काढला. पोपटानं तो टोपीवरून उतरून खाल्ला.

"खा बाबा," मी म्हणालो. बस एव्हाना रामनगरच्या पुढं गेली असेल.