चाळलेली वानगी

मी चाळणी बोलतेय. हसलात ना? ठाऊक होतं मला. सुईला तिच्या भोकावरून हिणवणारी म्हणून माझी जी बदनामी झाली आहे, ती काही या जन्मात पुसली जायची नाही. ती अगदीच खोटी नाही, हेही आज कबूल करते. मी जळकी आहे. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की मला ते पचत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या दुकानातला. कारागिराने पत्र्याची पट्टी गोल वळवली, तिच्यात तारेची जाळी ताणून बसवली, मला उजेडासमोर धरलं आणि एक डोळा मिटून म्हणाला, "एक भोक लहानमोठं नाही!" एवढी एकच स्तुती घेऊन मी तिथून निघाले. ती मला वीस वर्षं पुरली.

मला विकत घेतलं थोरलीने. दोन भावांचं एकत्र घर, त्यातल्या मोठ्या भावाची ही बायको. शेतात गहू आणि सूर्यफूल. पेरणी-कापणी भावांनी करायची, पण माल विकायचा तो थोरलीने, असा त्या घरचा शिरस्ता होता. सूर्यफुलाचा भाव ठरायचा वानगीवर. पोत्यापोत्यातून ओंजळभर बी काढायचं, पिशवीत घालून तेलगिरणीच्या मालकाला दाखवायचं. त्याला पसंत पडलं की शब्द पक्का, माल मागाहून जायचा. वानगी नेण्याआधी थोरली ती माझ्यातून दोनदा फिरवायची. काडीकचरा खाली, बी वर. पाऊसपाणी बरं असलं की बी फारसं गळायचंच नाही, त्यामुळे जशी वानगी तसाच माल. गिरणीमालक चारचौघांत सांगायचा, "या वहिनींची वानगी पाहिली की पोती उघडायची गरज नाही."

वहिनींची म्हणजे माझीच की! मी खुंटीवर फुगून बसायचे.

मग धाकट्या भावाची बायको घरात आली. हुशार, त्यात स्वभावाने गोड, म्हणून तर जास्तच डोळ्यांत सलणारी. गेल्या वर्षी तिने ओलावा मोजायचं यंत्र आणलं. मूठभर बी घातलं की ते आकडा दाखवायचं. सासरे चष्मा लावून आकडा वाचायचे आणि वाचून झाला की पुन्हा वाचायचे. यंत्राला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे. मी बाहेर खुंटीवर, धूळ खात. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी कळ काढली, पण त्या मेल्याचे नऊ दिवस काही संपेनात. थोरलीच्याही पोटात दुखत होतं. तोंडाने बोलायची नाही, पण मला धरायची तेव्हा तिच्या बोटांवरून समजायचं.

यंदा पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. गहू आला तेवढा खायला आणि बियाण्याला ठेवला. विकायला उरलं फक्त सूर्यफूल, त्यावरच वर्ष काढायचं. तेही कसं? निम्मं बी बारीक, पोचट. त्यात, सगळीकडेच माल कमी म्हणून गिरणी या आठवड्यानंतर बंद राहणार होती.

वानगी काढायच्या दिवशी धाकटीने यंत्रात बी घातलं. "सात टक्के! खणखणीत वाळलंय." सासरे खूश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाऊसच नाही तर बी ओलं कुठून असणार? त्यात या यंत्राचं ते काय कर्तृत्व!

थोरलीने मला खुंटीवरून काढलं.

"ताई, यंदा वानगी चाळू नका," धाकटी म्हणाली. "चाळली तर छान दिसेल, पण पोत्यातला माल तसा निघणार नाही."

"वीस वर्षं मी चाळूनच नेतेय. तू आपलं मशीन सांभाळ."

"मी आपलं सुचवलं."

"सुचवून झालं ना?"

असं म्हणून थोरलीने मला जे गदागदा हलवलं! दोनदाच्या जागी वीसदा. बारीक बी भराभरा खाली पडत होतं. ते अडवणं माझ्या हातात नव्हतं, पण खरं सांगू? अडवावंसं वाटलंही नाही. माझ्यात शेवटी उरलं ते बी असं टपोरं की सुकाळातलं वाटावं. खालचा ढीग थोरलीने पायाने बाजूला सारला.

"या दुष्काळात हे पिकवलंत कुठे, वहिनी?" गिरणीमालक म्हणाला आणि त्याने सगळ्यांहून चढा भाव दिला. थोरली घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. माझेही लागले नसते, पण मला पायच नाहीत.

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीत चाळीस पोती चढली, थोरलीबरोबर धाकटीही बसली. वाटेत सांडलेलं बी साफ करायला म्हणून मलाही घेतलं. गिरणीसमोर शेतकऱ्यांची रांग होती. मालकाला आमची पोती उघडायची नव्हतीच, पण उतरवताना एक उसवलं. सांडलेलं बी त्याने ओंजळीत घेतलं, फुंकर मारली, निम्मं उडून गेलं. मग त्याने दुसरं पोतं उघडलं. मग तिसरं. मग आतून वानगीची पिशवी आणून शेजारी ओतली.

"वहिनी, हे एकाच शेतातलं?"

रांगेतले सगळे माना लांब करून बघत होते.

"वीस वर्षं मी तुमची पोती उघडली नाहीत," तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. "माल परत न्या."

आता धाकटी 'मी सांगितलं होतं' म्हणणार, याची मी वाटच बघत होते. म्हणाली असती तर तिला मनसोक्त पाण्यात पाहता आलं असतं.

धाकटी पुढे झाली. "शेठ, चूक आमची आहे. वानगी चाळली, माल चाळला नाही. सगळा माल इथे तुमच्यासमोर चाळतो. वानगीसारखा निघेल तेवढाच ठरल्या भावाने घ्या."

आमची म्हणाली! त्या एका शब्दाने मी जेवढी जळले, तेवढी त्या यंत्रापायी कधी जळले नव्हते.

मालकाने मावळतीकडे नजर टाकली. "चाळा. अंधार पडायच्या आत आवरा."

दोघींनी मला दोन बाजूंनी धरलं. पोत्यामागून पोतं. पस्तिसाव्या पोत्याला माझी एक तार तुटली आणि कडेला भोक पडलं. धाकटीने त्यावर बोट दाबून धरलं.

"अगं, काढ ते बोट, कापेल."

"पाचच राहिलीत, ताई."

बोट कापलंच. तिने ते शेवटपर्यंत काढलं नाही. चाळीस पोत्यांची एकवीस भरली, बाकीचं पाखरांचा दाणा म्हणून कवडीमोलाने गेलं. परतताना ट्रॉलीत थोरलीने आपला रुमाल फाडून तिचं बोट बांधलं.

"पुढच्या खेपेपासून वानगी तू नेत जा."

"दोघी जाऊ की, ताई."

"नको. माझी पोती आता तो उघडल्याशिवाय घ्यायचा नाही."

माझं भोक धाकटीनेच तारेने शिवून दिलं. शिवण चांगली आहे, हे सांगतानाही माझा जीव जळतो. तेव्हा एक मागणं आहे, आणि ते मागणं मला अजिबात आवडत नाही. वानगी काढाल त्या दिवशी मला तिथे ठेवू नका. कुलूप लावून कोठीत टाका. समोर दिसले तर तुमचा हात माझ्याकडे वळणार, आणि एकदा हातात आले की मी कोणाचं ऐकणार नाही.