समोरच्या टोकाला विचारलं का?

सासूबाईंनी शेजारच्या काकूंना सांगून टाकलं होतं की सून ड्रायव्हर आहे. खरं तर सून म्हणाली होती, "मी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिते," म्हणजे संगणकाला तारेने जोडणारी कार्डं चालवणारे प्रोग्राम. सासूबाईंनी त्यातलं ओळखीचं तेवढं उचललं. काकूंनी विचारलं, "बस की ट्रक?" सासूबाई म्हणाल्या, "कार्डं." काकूंनी विषय बदलला.

सासूबाई हल्लीच आपलं घर बंद करून मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा होता जहाजावर, त्यामुळे राहणं सुनेकडेच. बंद घराला गिऱ्हाईक आलं होतं आणि आई इथे रुळली की तो होकार कळवणार होता. आज त्याचा फोन नेमका सून ऑफिसात कामात असताना आला.

"आई कशी आहे? झोपबीप लागते ना?"

"लागते की. वेगळी खोली दिलीये, नवी गादी घेतलीये."

"मग मी रविवारी गिऱ्हाइकाला हो सांगतो."

"सांग," म्हणून तिने फोन ठेवला, कारण समोर टेबलावर एक कार्ड खोटं बोलत होतं.

एका मोठ्या वाचनालयाने तिच्या कंपनीची कार्डं वीज वाचते म्हणून घेतली होती. तारेतून काही ये-जा नसली की कार्डाने डुलकी काढायची, अशी त्यात सोय. पडद्यावर प्रत्येक कार्डापुढे हिरव्या अक्षरांत 'बचत चालू'. विजेचं मीटर मात्र ढिम्म.

"मीटर बिघडलं असेल," साहेब म्हणाले. साहेबांचा पडद्यावर फार जीव.

तिने वाचनालयात होता तसलाच जुना स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो डबा, मागवून घेतला होता. कार्ड त्याला जोडलं, तारेतून काहीही पाठवलं नाही, चहा पिऊन आली आणि चिपवर बोट ठेवलं. चांगला चटका बसला. पडदा म्हणत होता, झोपलंय.

"झोपलेलं कुणी इतकं तापतं का?" तिने शेजारी बसणाऱ्या, कार्डं तपासणाऱ्या टेस्टरला विचारलं.

"ताप असेल तर तापतं," तो मान वर न करता म्हणाला.

मग तिने ड्रायव्हर ओळीओळीने वाचायला घेतला. तारेला दोन टोकं. एकट्याने झोपायची सोय नाही. जोडणी होतानाच दोघांनी "मला चालेल" म्हणायचं, तर पुढे दोघं झोपणार. एक नाही म्हणालं की दुसऱ्यानेही टक्क जागं राहायचं. जुना स्विच बिचारा स्पष्ट सांगत होता, मला जमत नाही. ड्रायव्हर ते नीट ऐकून घ्यायचा आणि पुढच्याच ओळीत त्यावर आपलंच उत्तर चढवायचा. मला चालतंय, मालकाने बचतीचं बटण दाबलंय, मग बचत चालू. त्या ओळीशेजारी, केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'तूर्तास चालेल'.

तिने ती ओळ काढली. दुरुस्ती वाचनालयात पोचली आणि तासाभरात तिथल्या संगणकवाल्याचा फोन आला.

"मॅडम, काय केलंत हे? सगळीकडे बचत बंद झाली!"

"ती आधीही बंदच होती."

"अहो, पण कालपर्यंत दिसत तरी होती!"

साहेबांनी दुरुस्ती मागे घ्यायला सांगितलं. तिने साहेबांचा हात धरून त्यांचं बोट चिपवर ठेवलं. साहेबांनी बोट तोंडात घातलं आणि दुरुस्ती राहिली.

घरी आली तर सासूबाई मटार सोलत होत्या. तीही समोर बसली. चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "आई, तुम्हाला इथे झोप लागते का?"

"गादी छान आहे."

"गादीचं नाही विचारलं."

सासूबाईंनी एक शेंग उगाचच दोनदा चाचपली. "नाही लागत."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? तो तुला विचारतो, तू त्याला सांगतेस. मी इथेच बसलेली असते."

तिच्या हातातला मटार घरंगळून खुर्चीखाली गेला. तो शोधायच्या निमित्ताने ती जरा जास्तच वेळ खाली वाकून राहिली.

"का लागत नाही पण?"

"तुझ्या खोलीत उजेड असतो. घरात कुणी जागं असलं की माझा नाही गं डोळा लागत. मग मी आपली फिरते."

"अहो आई, तुम्ही फिरता म्हणून तर मी जागी असते! वाटतं, पडाल बिडाल."

"कमालच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मग आज एकदमच दिवे घालवू. तू हो म्हण, मी हो म्हणते."

"हो. पण तरी नाही लागली झोप, तर?"

"तर सांगेन. विचारलंस तर." मग, मटारांकडेच बघत, "माझ्या घराचं मात्र इतक्यात नको."

तिने लगेच नवऱ्याला मेसेज केला. 'घराचं थांबव. आई अजून रुळल्या नाहीत.'

त्याचं उत्तर आलं, 'असं कसं? दुपारपर्यंत तर रुळली होती!'

तिने लिहिलं, 'दिसत होती,' आणि फोन सासूबाईंच्या हातात दिला.