ताईच्या मागे मागे

आठवडाभर पहाटे उठून भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाने सुट्टीच्या दिवशी झोपावं की नाही? पण ताईने अळंब्यांचा दिवस ठरवला म्हणजे ठरवला. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, पाव भाजणाऱ्या धाकट्या भावाचं तर मुळीच नाही.

घरची रीत अशी: ताईने अळंब्या वेचायच्या, धाकल्याने गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघत हिंडायचं, आणि वेचलेलं आधी ताईने एकटीने खायचं. ती दुसऱ्या दिवशी ठणठणीत उठली की मगच बाकीच्यांना वाढायचं. सगळे हसायचे, पण ताई कधी चुकली नव्हती.

यंदा मात्र धाकला टोपली धरून तिच्या मागे मागे चालला होता. भावोजी गेल्यापासून ताईचा जीव या रानाखेरीज कशातच रमत नव्हता, आणि तिची नजर अधू झालीय हे त्याच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ती चाचपून उपटायची, हुंगून टोपलीत टाकायची. तो वाकून त्या जागेत डोकावायचा. विषारी अळंबीच्या बुडाशी पांढरी वाटी असते. ती तुटून मातीतच राहिली, तर हाताला काय कळणार? वाटी दिसली की तो ती अळंबी काढून गुपचूप झुडपात भिरकावायचा. वाकून वाकून कमरेचा काटा ढिला झाला. बोलावं तर तिचं रानात येणं संपणार, न बोलावं तर जिवावर बेतणार. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी दोघं एका ओंडक्यावर टेकली. ताईने टोपली मांडीवर घेतली, आत हात फिरवला आणि विचारलं, आज कोणकोणते पक्षी दिसले? त्याने सुचतील ती नावं ठोकून दिली.

"आणि सुतार?" ताई म्हणाली. "डोक्यावर एवढा ठकठक करत होता, तू थांबलासुद्धा नाहीस. पूर्वी त्याच्यासाठी मला गप्प बसवायचास."

धाकला ओंडक्याची साल नखाने सोलू लागला.

"किती काढल्यास टोपलीतून?"

"पाच-सहा," तो खाली बघत म्हणाला.

ताईने टोपली तिथेच उलटी केली. चांगल्या, वाईट, सगळ्या अळंब्या पाचोळ्यात गेल्या. तो अडवायला गेला, तर तिने हात झटकला.

"आधी मी खायचं, ते माझ्या भरवशावर. तू निवडलेलं खाऊन मी कुणाला कसला भरवसा देऊ? पुरे झालं आता हे."

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्याही आधी, आता पुन्हा असं वाकत फिरायला नको, हे मनात आलं आणि छातीतून श्वास सुटला.

"हुश्श केलंस ना?" ताई म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे."

आणि त्याने पुढे केलेला हात न धरताच ती उठली.